पाणी लावू नका

२०२५ ची दिवाळी आटोपून चार-पाच दिवस झाले असतील. भोपाळच्या बातम्या एव्हाना घरोघरी पोहोचल्या होत्या. 'कार्बाइड गन' या नावाने विकली जाणारी, प्लास्टिकच्या नळीची दीड-दोनशे रुपयांची बंदूक मुलांनी उडवली आणि एकट्या मध्य प्रदेशात तीनशेहून अधिक जण जखमी झाले. त्यांत बहुसंख्य मुले, आणि इजा बहुतेकांच्या डोळ्यांना. अशा दिवसांत नांदेडहून आमच्या एका बालमित्राचा फोन आला. त्याचे तिथे शेतीला लागणाऱ्या पाइपांचे आणि मोटारींचे दुकान आहे. सप्टेंबरातली अतिवृष्टी, वाहून गेलेले सोयाबीन, मुलांची शिक्षणे असे सगळे बोलून झाल्यावर तो सहज म्हणाला, "भोपाळचं बघितलंस का? आपल्या वेळेला तू होतास म्हणून बरं. तू पाणी लावू दिलं नाहीस. नाही तर माझं सगळं तोंड जळालं असतं. मी तर गिऱ्हाइकांनाबी सांगत असतो, कार्बाइड तोंडावर उडालं तर पाण्याला शिवायचं नाही."

आम्ही 'हं' म्हटले आणि विषय बदलला. विषय बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण त्या रात्री झोप मात्र आली नाही.

या मित्राचा डावा डोळा १९९० च्या दिवाळीत गेला. तो कसा गेला हे लिहिण्यापूर्वी एक खुलासा करावयास हवा. लिहिताना स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची आमची जुनी खोड आहे. ती एरवी निरुपद्रवी असली तरी या प्रसंगात ती फार सोयीची ठरते. कारण पाच जणांनी मिळून जे केले तेही 'आम्ही' केले आणि एकट्याने जे केले तेही 'आम्ही'च केले, असे म्हणून मोकळे होता येते. तेव्हा वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की डबा उडवणारे आम्ही पाच होतो, आणि नंतरचे ते वाक्य बोलणारे आम्ही एक.

आम्ही नववीत होतो. घरे वजिराबादच्या अलीकडे-पलीकडे, गोदावरी चालत पाच-सात मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशी एक वेल्डिंगचे दुकान होते. त्या काळी छोट्या दुकानांतून गॅसची नळकांडी सर्रास नसत. लोखंडी टाकीत कार्बाइडचे खडे आणि पाणी यांचा संयोग घडवून तिथल्या तिथे ऍसिटिलीन तयार करीत. त्यातून उरलेला पांढरा गाळ दुकानाबाहेरच्या खड्ड्यात ओतला जाई. उन्हात तो वाळला की त्याचे ढेप पडत आणि आम्ही ते फोडून कबड्डीच्या मैदानावर रेघा आखत असू. हाताची कातडी त्याने तडतडे, नखांभोवती भेगा पडत. हा चुना आहे हे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि कळणे यांत किती अंतर असते, हे मात्र ठाऊक नव्हते.

दुकानातल्या पोऱ्याशी गट्टी जमवून आणलेले चार-दोन खडे म्हणजे आमची दिवाळी. कुजक्या लसणासारखा तो वास अजूनही कुठे आला तर आम्हांला सणाची आठवण होते, भीतीची होत नाही. हे सांगताना लाज वाटते, पण आहे ते असे आहे. घरून मिळणारे लवंगी फटाके आणि टिकल्या यांचा आम्हांला तोपर्यंत कंटाळा आला होता. त्याआधीची दोन वर्षे गंधक आणि पोटॅशच्या भानगडीत गेली होती. आमच्यापैकी एकाच्या अंगठ्याचे पेर त्यात फाटले, तेव्हा 'हे धोक्याचे' म्हणून आम्ही कार्बाइडकडे वळलो. पुढे १९९२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अधिसूचना काढून गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणावर देशभर बंदी घातली. आगपेटीच्या काड्यांची टोके आणि खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्या तेवढ्या त्यातून वगळल्या. थोड्याशा घर्षणानेही उडणारे ते मिश्रण आम्ही शाळेच्या दप्तरात, कंपासपेटीत घेऊन फिरलो होतो. कार्बाइड मात्र आम्हांला सुरक्षित वाटे, कारण ते दगडासारखे दिसे आणि पाण्यावाचून काही करीत नसे.

डब्याची कृती येथे देण्याचे कारण नाही. बेत मात्र सांगावयास हवा. गल्लीत मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. संध्याकाळी ते ओट्यावर बसून पोथी वाचीत आणि आमचा चेंडू ओट्यावर गेला की तो परत देण्याआधी एखाद्या शब्दाचे व्याकरण चालवायला लावीत. एवढाच त्यांचा अपराध. ओट्याच्या कडेला, भिंतीच्या आडोशाला मोठा आवाज काढायचा, गुरुजी दचकून पोथीसकट उडताना पाहायचे आणि पळायचे, असा तो बेत होता. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, दिवेलागणीची वेळ. डबा ठेवला, आणि आवाजच झाला नाही.

अशा खेळांतला सर्वांत वाईट क्षण आवाजाचा नसतो, न झालेल्या आवाजाचा असतो. ऍसिटिलीनचा स्वभावच तसा आहे. हवेत त्याचे प्रमाण अडीच टक्के असो की ऐंशी टक्के, तो पेट घेतो; स्वयंपाकाच्या गॅसला इतकी मोकळीक नाही. म्हणजे 'फुसका गेला' असे वाटते तेव्हा तो बहुधा गेलेला नसतो, उशीर करीत असतो. भोपाळच्या मुलांचेही पुष्कळदा असेच झाल्याचे तिथल्या हकिगतींतून दिसते. बार झाला नाही म्हणून नळीत डोकावले आणि त्याच वेळी बार झाला. आमच्या मित्राला कोणी 'जा, बघून ये' म्हटले की तो आपण होऊन गेला, यावर आमच्यात आजही एकमत नाही. तो वाकला, एवढे सर्वांना आठवते.

आवाज झाला. आम्ही पळालो. हे लिहायचे राहू नये. चौघे पळालो आणि कोपऱ्यावरून, मागे कोणी येत नाही असे पाहून, परत आलो. तो दोन्ही हात तोंडावर धरून भिंतीशी बसला होता. कपाळ, पापण्या, मिशीच्या कोवळ्या लवेपर्यंत सगळीकडे पांढरट चिखल आणि बारीक खडे. गुरुजी पोथी टाकून आमच्या आधी तिथे पोहोचले होते. ते घरात वळले आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आले. त्यांनी मुलाची हनुवटी वर केली, तांब्या कलता केला, आणि आम्ही ओरडलो, "गुरुजी, पाणी लावू नका! कार्बाइड आहे ते. पाण्यानं पेट घेईल!"

विज्ञानात आम्ही वर्गात पहिले होतो. गुरुजींना ते माहीत होते. आमच्या वडिलांपाशी त्यांनी आमचे कौतुकही केले होते. ते थांबले. "नक्की रे?" एवढेच त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "नक्की." मग त्यांनी तांब्या खाली ठेवला, खांद्यावरचे उपरणे काढले आणि त्या कोरड्या उपरण्याने त्याचा डोळा झाकून बांधला. चुना आत, वरून घट्ट कापड.

सणाचे दिवस. पहिल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद, दुसरे गावाला गेलेले. तिसऱ्या ठिकाणी उपरणे सोडले तेव्हा दोन तास उलटून गेले होते. आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो. आत त्याच्या वडिलांना काय सांगितले गेले हे आम्हांला कळले नाही. बाहेर आल्यावर ते फक्त "उशीर झाला" म्हणाले. पुढे औरंगाबादच्या खेपा झाल्या. शेवटी बुबुळावर फूल पडले ते पडलेच. उजवा डोळा वाचला.

गल्लीत या घटनेची जी गोष्ट तयार झाली, तिच्यात आमची भूमिका चांगली होती. इतर मुले मूर्ख, पण एकाने प्रसंगावधान राखले, पाणी लावू दिले नाही. मित्राच्या आजीने आमच्या डोक्यावरून हात फिरवून बोटे मोडली. त्या बोटांचा आवाज आम्ही विसरलेलो नाही.

दहावीनंतर आम्ही लातूरला गेलो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा रस्ता. त्या वर्षांत 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला मराठवाडाभर झालेला असल्यामुळे गाडीत पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या घेतलेली आमच्यासारखी पाच-सहा मुले हमखास असत. औसा रोडला एका घराच्या मागच्या बाजूच्या खोलीत आम्ही तिघे राहू लागलो. शिक्षण एकाएकी इंग्रजीतून सुरू झाले. कॅल्शियम कार्बाइड अधिक पाणी, बरोबर ऍसिटिलीन अधिक कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हे समीकरण आम्ही अकरावीत इतक्या वेळा लिहिले की ते झोपेतही संतुलित करून दाखवले असते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुना, वेल्डिंगच्या दुकानाबाहेरचा तोच तो चुना, हे कळायला मात्र बारावीचे अर्धे वर्ष जावे लागले. एका दुपारी साबण कसा होतो हे शिकवीत असताना सर म्हणाले की, आम्लाने भाजले तर वरची प्रथिने गोठतात आणि आम्लाची वाट थोडी तरी अडते. अल्कली मात्र पेशींतील स्निग्धांश विरघळवत आत आत जाते, म्हणून चुना डोळ्यात गेला तर क्षणभरही न थांबता पाण्याने धूत राहावे. तंबाखूच्या चुन्याची पुडी फोडताना पोरांचे डोळे जातात ना, असे ते सहज बोलून गेले आणि पुढचे समीकरण लिहू लागले.

आम्ही वही मिटली. कार्बाइडचे जे व्हायचे होते ते डब्यातच होऊन गेले होते. जे खडे उरले होते त्यांना डोळ्यातले पाणी पुरेसे होते. अश्रूंनी ती क्रिया चालूच ठेवली होती. तिथे ज्योत नव्हती, त्यामुळे भडका होण्याचा प्रश्नच नव्हता. उरला होता तो चुना आणि उष्णता, आणि दोन्ही वाहून नेण्यासाठी जे हवे होते ते गुरुजींच्या तांब्यात होते. डोळा वाचलाच असता असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. दोन तास चुना कापडाखाली दाबून ठेवला नसता, एवढे मात्र नक्की. आणि 'नक्की' हा शब्द आम्ही आधीच एकदा वापरला होता.

प्रयोगशाळेच्या ओट्यावर आठवड्यातून दोनदा आम्ही बुन्सेन बर्नर पेटवीत असू. आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात त्या बुन्सेनने एका डोळ्याची दृष्टी गमावली होती, हे आम्ही फार पुढे वाचले. अणूंच्या विशिष्ट उष्णतेच्या नियमाला ज्याचे नाव आहे त्या फ्रेंच डुलाँगने नायट्रोजन ट्रायक्लोराइडपायी एक डोळा आणि बोटे घालवली. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही माणसे अखंड देहाने वावरत. परीक्षेला कशाची किंमत विचारीत नाहीत, मूल्य विचारतात, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.

त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या थोडे आधी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आमची खोली हलली, भिंतीला चीर गेली, तेवढ्यावर आमचे निभावले. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर गावेच्या गावे दगडमातीखाली गेली होती. त्यानंतर सहा आठवड्यांनी दिवाळी आली. घरमालकांकडे औसा तालुक्यातल्या एका गावची त्यांची आत्या राहायला आलेली होती. घरातली किती माणसे गेली हे तिला कोणी विचारीत नसे आणि ती सांगत नसे. ती रात्री घरात झोपत नसे. अंगणात, आभाळाखाली बाज टाकून बसून राही.

आमच्या खोलीतल्या दोघांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री डबा आणला. आम्ही कार्बाइड ओळखले, त्या वासावरूनच. आम्हांला जे माहीत होते ते त्यांना माहीत नव्हते. आम्ही म्हणालो, "नका रे," आणि ते हसले तेव्हा दुसऱ्यांदा म्हणालो नाही. आवाज झाला, कोणालाही इजा झाली नाही. आत्या मात्र बाजेवरून उठली आणि घरात धावली. बाहेर नव्हे, आत. "भाईर चला, भाईर चला, लेकरं घ्या," असे ओरडत ती प्रत्येक खोलीचे दार वाजवीत सुटली, आणि मालकांचा चार वर्षांचा मुलगा काखोटीला मारून अंगणात येऊन उभी राहिली. तिने मुलाला किती घट्ट धरले होते! ते मूल घाबरून रडू लागले तरी तिची मिठी सुटेना. मालक आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी खोली सोडण्याची तयारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "परीक्षा होऊ द्या."

मराठीत व्रात्य मुलांच्या गोष्टींची मोठी आणि लाडकी परंपरा आहे. आम्ही तिच्यावरच वाढलो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात उडी घेई आणि 'ट्टॉक' करून बाहेर येई. त्याला कायमचे काही झाल्याचे आम्हांला आठवत नाही. गोष्टीच्या नायकाला ते होऊ नये हे योग्यच आहे. आमची तक्रार आहे ती त्या गोष्टींविरुद्ध नसून मोठेपणी आम्हीच लिहितो-सांगतो त्या आठवणींविरुद्ध. त्यांत प्रत्येक बार हास्याने संपतो. वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्यात हा डब्याचा प्रसंग निदान तीनदा सांगितला गेला. पोथीसकट उडालेले गुरुजी (ते उडाले नव्हते, धावत आले होते), आमचे पळणे, आणि शेवटी 'शास्त्रज्ञां'चे ते वाक्य. तो सांगण्यात आमचाही आवाज असे. मित्र सर्वांबरोबर हसे. फुटलेल्या डोळ्याला गोष्टीत जागा मिळते ती केवळ बोलणाऱ्याचे डोळे शाबूत असतील तर, असा काही नियम असावा की काय, अशी शंका आम्हांला येते. पण त्याने स्वतः हा प्रसंग कधीच आपण होऊन सांगितला नाही, हेही खरे.

'बॉम्ब' हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी किती हलका होता! सुतळी बॉम्ब, डबा बॉम्ब. ६ एप्रिल २००६ नंतर नांदेडात तो तसा राहिला नाही. पाटबंधारे नगरातल्या एका घरात त्या दिवशी स्फोट होऊन दोन तरुण ठार झाले. फटाक्यांचा साठा पेटला, असे आधी सांगितले गेले. मग तपास बॉम्बच्या दिशेने गेला, सीबीआयकडे गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हयात आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या प्रकरणाचा आणि आमच्या पोरखेळाचा काहीएक संबंध नाही. फरक पडला तो एवढाच, की त्यानंतर आमच्यापैकी कोणी परक्या माणसांसमोर डब्याची गोष्ट काढली तर दुसरा त्याला डोळ्यांनी दटावू लागला.

असो. डिसेंबरात नांदेडला जाणे झाले, ते मुद्दाम काढलेल्या निमित्ताने. दुकानात दुपारची गर्दी ओसरली होती. दाराशी नळ्यांचे तुकडे ढीग करून ठेवले होते; वानरे आणि रानडुकरे पिटाळायला शेतकरी ते मागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर पोरेही मागायला आली होती, त्यांना हाकलले, असे तो सांगत होता. "शेतकऱ्याला नाही म्हणता येत नाही ना," तो म्हणाला. "देतो आणि सांगतो, उडालं तर पाण्याला शिवू नको."

मग आम्ही सांगितले. समीकरणापासून सुरुवात केली, ती सोडून दिली, आणि सरळ सांगितले की ते चुकीचे होते. गुरुजी पाणी ओतणार होते ते बरोबर होते. आम्हांला हे बारावीतच कळले होते, म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी.

त्याने गडद काचांचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पोऱ्याला चहा आणायला पाठवले. बराच वेळ तो वहीतले कसले तरी आकडे पाहत होता.

"गुरुजींना माहीत होतं?" त्याने विचारले.

"नाही. त्यांना सांगायचं राहिलं." गुरुजी २००१ सालीच गेले.

"म्हणजे मी किती लोकांना सांगितलं असेल बघ," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता की नाही हे आम्हांला कळले नाही. तो बहुधा खरोखरच मोजत होता. मग त्याने मालाच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि मार्कर उघडला.

"काय करायचं, सांग."

"खडे दिसले तर कापडानं टिपून काढायचे. डोळा उघडा धरायचा आणि पाणी ओतत राहायचं. साधं, स्वच्छ. चोळायचं नाही, पट्टी बांधायची नाही. दवाखान्यात जाताना वाटेतही ओतत राहायचं."

तो लिहीत होता. शाळेत होते तसेच त्याचे अक्षर अजूनही उजवीकडे कलते.

"'भरपूर पाणी' लिहू, की 'अर्धा तास' लिहू?"

"दोन्ही लिही," आम्ही म्हणालो.